चिवड्याच्या डब्यातलं सिम

माझ्या नवऱ्याचा फोन इंजिनरूममध्ये तेलात पडून मेला, तिथून ही सगळी भानगड सुरू झाली. तो जहाजावर सेकंड इंजिनियर होता. कंपनीचं ऑफिस सिंगापुरात, म्हणून आमचं घर सिंगापुरात. तो स्वतः मात्र जगभर. मी बेडोकच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायचे आणि नोव्हेनाच्या एका क्लिनिकमध्ये नोकरी करायचे. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. त्यातला अर्ध्याहून जास्त काळ तो पाण्यावर आणि मी त्याच्या शर्टांना अधूनमधून ऊन दाखवत घरात.

फोन मेल्यावर जहाज लागलं ते नेमकं अमेरिकेत, माझ्या दादाच्या गावाजवळच्या बंदराला. दादा गाडी घेऊन मेहुण्याला भेटायला गेला, त्याला जेवायला घातलं आणि निघताना स्वतःचा नवाकोरा फोन त्याच्या हातात कोंबला. दादाने तो तिथल्या मोबाइल कंपनीकडून दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर घेतला होता. अमेरिकेचा किनारा सुटला आणि कळलं, की या फोनला कुलूप आहे. त्या एका कंपनीचं सिम सोडलं तर दुसरं कुठलंच सिम तो ओळखत नव्हता. दिसायला देखणा आणि कामाला शून्य.

मला चिंता वाटायचं कारण वेगळंच होतं. आम्ही दोघं तीन महिने एकमेकांशी धड बोललोच नव्हतो. जहाजावर सॅटेलाइट फोन होता, पण तो ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, चार माणसांच्या मध्ये. बोललेलं दोन सेकंदांनी पोचायचं आणि आम्ही दोघं एकदमच "हॅलो, हॅलो" करत बसायचो. ईमेल यायचे ते कॅप्टनच्या कॉम्प्युटरवर. तो छापून ज्याचा कागद त्याला देणार. कॅप्टन केरळचा, म्हणून मराठीत लिहावं म्हटलं तर थर्ड ऑफिसर रत्नागिरीचा निघाला! त्यामुळे माझा प्रत्येक ईमेल भाजीबाजार, हवापाणी करत शेवटी "सगळं ठीक" वर येऊन थांबायचा.

शिवाय सासूबाईंचा नियम होता. सासरेही बोटीवरचेच, त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. लग्नानंतर पहिल्यांदा नवरा जहाजावर गेला तेव्हा सासूबाईंनी मला जवळ बसवून सांगितलं होतं, "हे बघ, बोटीवर लिहायचं ते आनंदाचंच लिहायचं. ये म्हणून कधी लिहू नये. त्याला तिथून उडी मारून येता येत नाही, नुसता जीव टांगणीला लागतो." त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं, की मला तो गृहपाठासारखा पाठ झाला.

आणि मग त्याचा ईमेल आला. त्याची मुदत सिंगापूरला संपणार होती. त्याच्या जागी येणारा रिलीव्हर तिथेच जहाजावर चढणार आणि तो उतरून सरळ घरी येणार, असं ठरलेलं. पण कंपनी विचारत होती, अजून दोन महिने थांबाल का? थांबला तर बढतीच्या परीक्षेला लागणारा समुद्रावरचा काळ एकदमच भरणार होता. "सिंगापूरला पोचलो की कॅप्टनला सांगायचंय. तू म्हणशील तसं."

मी लिहिलं, "थांब. इथे सगळं ठीक." पाठवलं, आणि कणकेचा गोळा तसाच परातीत टाकून बेडवर जाऊन रडले. मला तो हवा होता. दोन महिन्यांनी नाही, तेव्हा हवा होता. पण "बायको रडते म्हणून उतरला" हे जहाजभर झालं असतं, आणि ते मला त्याच्या वाट्याला येऊ द्यायचं नव्हतं. "बोलल्याशिवाय उत्तर देऊ नकोस" असंही एकदा लिहून पाहिलं आणि पुसलं. त्यातून कॅप्टनने काय ओळखायचं ते ओळखलंच असतं.

उरला तो फोन. जहाज तेल भरायला सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट किनाऱ्यासमोर नांगर टाकणार होतं, फक्त काही तास. किनाऱ्यावर यायला परवानगी नव्हती, मला जहाजावर जायला तर नव्हतीच. पण तिथपर्यंत इथला सिग्नल पोचतो. फोन उघडला आणि इथलं सिम घातलं, की तो डेकच्या एका कोपऱ्यात उभा राहून माझ्याशी एकटा बोलू शकणार होता. मला एकच शब्द बोलायचा होता. ये.

बेडोकच्या मार्केटजवळ मोबाइलचं एक दुकान होतं. तिथल्या चिनी बाईला मी सगळी कथा सांगितली. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी दाराला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकून आले आहे.

"सिंगापूर फोन नो लॉक वन," ती म्हणाली. "दिस वन अमेरिका प्रॉब्लेम. यू ब्रिंग फोन, आय ट्राय."

"फोन जहाजावर आहे."

"देन हाउ टु डू? यू बाय हिम न्यू फोन, ईझियर लाह."

नवा फोन जहाजाच्या एजंटच्या बोटीने पाठवता आला असता, पण दादाने दिलेला फोन बाजूला पडलेला पाहून दादाला काय वाटलं असतं? मी तिच्याकडून एक सिम तेवढं घेतलं.

दादाला फोन केला. दादाने त्याच्या कंपनीला फोन केला. त्यांचं म्हणणं, कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत कुलूप निघणार नाही. दादाने त्यांना जहाज, मेहुणा, बहीण, समुद्र असं सगळं ऐकवलं. ते म्हणाले, वी अंडरस्टँड. म्हणजे नाही. शेवटी दादाने कॉन्ट्रॅक्टच मोडून टाकलं. त्यासाठी काय भरावं लागलं ते त्याने आजतागायत सांगितलेलं नाही. विचारलं की विषय बदलतो.

इकडे आमच्या इंजिनियरसाहेबांना धीर कुठला! इंजिनरूममधल्या माणसाला बंद पडलेली वस्तू दिसली, की पाना घेऊन पुढे व्हायचंच असतं. त्याने थर्ड ऑफिसरचं सिम घालून कुलूप उघडायचे कोड अंदाजाने मारून बघितले: माझी जन्मतारीख, लग्नाची तारीख, जहाजाचा नंबर. मग ईमेल आला, "आता एकदाच चुकायची सोय आहे." हे वाचून मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की त्या छापायला कॅप्टनचा कागद पुरला नसता.

दादाकडून कोड आला, तो मी ईमेलने जहाजावर पाठवला. म्हणजे आमच्या खासगी बोलण्याची किल्लीही आधी कॅप्टननेच वाचली. सिमचा प्रश्न मी माझ्या पद्धतीने सोडवला. पातळ पोह्यांचा चिवडा केला, सिम प्लास्टिकच्या पुडीत बांधून डब्याच्या तळाशी ठेवलं आणि डबा जहाजाच्या एजंटकडे नेऊन दिला. त्याची बोट कागदपत्रं घेऊन जहाजावर जाणारच होती.

त्या शनिवारी मी सकाळीच लाल छत्री घेऊन ईस्ट कोस्टला जाऊन बसले. समोर कितीतरी जहाजं नांगरलेली होती. त्यातलं हिरव्या धुराड्याचं एक मला आपलं वाटलं. कशावरून, ते सांगता येणार नाही, पण मन बसलं त्यावर. मी त्याच्याकडे बघत डब्यातला उपमा खाल्ला. त्याच्याकडे बघत "ये" म्हणायची तालीम केली. शेजारून सायकलवरून जाणाऱ्या पोरी हसल्या, तरी छत्री हलवली. इतकं जवळ असून इतकं लांब असणं मी आधी कधी अनुभवलं नव्हतं.

दुपार कलायला लागली तेव्हा फोन वाजला.

"उघडला गं!" तो ओरडला. "चिवडा थर्ड ऑफिसरने आधी संपवला, म्हणून सिम लवकर सापडलं. कुठे आहेस?"

"तुझ्या समोर. तुमचं हिरवं धुराडं दिसतंय मला."

"आमचं काळं आहे. तू कोणाच्या बोटीला नवरा समजून बसलीयस?"

मी हसले, मग तोही हसला. तो धावत जाऊन ब्रिजवरची दुर्बीण घेऊन आला आणि म्हणाला, "लाल छत्री. दिसलीस." मला मात्र दूरवर मोठ्या टँकरच्या मागे काळ्या धुराड्याचं टोक तेवढं दिसत होतं.

"कॅप्टनला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"तू लिहिलंस ना, थांब म्हणून."

त्याचा आवाज इतका खुशीत होता. परीक्षेचं तो किती दिवस बोलत होता ते मला माहीत होतं. सकाळपासून केलेली तालीम राहिली बाजूला. मी म्हणाले, "हो. थांब. इथे सगळं ठीक आहे."

मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"हे कॅप्टनला सांगतेस," त्याने हळूच विचारलं, "की मला?"

मग मला आवरलं नाही. "ये," मी म्हणाले. "ये रे. मला नाही करमत एकटीला. काही ठीक नाहीये."

"सकाळीच हो म्हणून बसलो गं," तो म्हणाला. "रिलीव्हरलाही नको म्हणून कळवलंय." आणि मग, "परत एकदा म्हण."

"ये."

"अजून एकदा."

त्याला कोणीतरी हाक मारेपर्यंत मी म्हणत राहिले. संध्याकाळी टँकरच्या मागून काळं धुराडं सरकायला लागलं. मी छत्री हलवत होते आणि तो फोनवर, "दिसतेयस, दिसतेयस" म्हणत होता. मग आवाज तुटला.

रविवारी मी पुण्याला सासूबाईंना फोन केला. नियम मोडला हे त्यांना माझ्याच तोंडून कळावं असं वाटलं. मी सगळं सांगितलं आणि बोलणी खायची तयारी ठेवली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी पत्रं होती. बंद पाकिटातली. मधे कोणी वाचणारं नव्हतं. तरी मी तसं एकदाही लिहिलं नाही गं."

फोन ठेवला आणि मी ईमेल लिहायला बसले. भाजीबाजार लिहिला, हवापाणी लिहिलं. शेवटी "सगळं ठीक" लिहायच्या जागी लिहिलं, "ये." कॅप्टन वाचणार होता, रत्नागिरीकर तर वाचणारच होता. मी पाठवून दिलं.