म्हाळूचा टाक

म्हाळूनं खून केला होता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढं त्याची कणव येऊ लागली की तुम्ही म्हणाल, सांगणाऱ्यानं मुद्दाम लपवलं.

दिंद्रुडच्या शिवारात त्याची मेंढरं दुसऱ्याच्या ज्वारीत शिरली. राखणदारानं एका कोकराच्या पायावर काठी घातली आणि म्हाळूनं त्याच्या डोक्यात कुऱ्हाडीचा तुंबा, तिची बोथट पाठ, घातला. कोकरू लंगडत का होईना जगलं. माणूस जागेवर गेला. म्हाळूला जन्मठेप झाली तेव्हा त्याची बबिता आठ वर्षांची होती. त्यानं कोर्टातही फार आढेवेढे घेतले नाहीत. माझ्या हातून झालं, म्हणाला, आणि गेला.

जन्मभर आभाळाखाली झोपलेला माणूस. लग्नातसुद्धा तो मांडवाबाहेर मेंढरांजवळ झोपला होता, यावरून साखराबाईच्या माहेरच्यांनी त्याची भरपूर टिंगल केली होती. असल्या माणसाला डोक्यावर छत सोसेना. पहिली दोन वर्षं तो बराकीच्या गजांना नाक लावून बसायचा. पण माणूस कशालाही सरावतो. वागणूक चांगली म्हणून नऊ वर्षांनी त्याला खुल्या तुरुंगात धाडलं. तिथं भिंती नव्हत्या, शेती होती, गाईगुरं होती. दिवसभर राबायचं आणि संध्याकाळी गिनतीला उभं राहायचं. साहेब नुकतेच म्हणाले होते, आणखी दीड वर्षात सुटशील. त्या दीड वर्षावर म्हाळू जगत होता. सुटायचं, साखराबाईकडं जायचं, चार मेंढरं राखायची. बाकी त्याला काही नको होतं.

चार वर्षं त्याला भेटायला कुणी आलं नव्हतं. फोनही लागत नव्हता. म्हाळूनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला होता. मेंढरामागं फिरणारी माणसं, आज या रानात तर उद्या त्या रानात. फोन विहिरीत पडला असेल, नाहीतर शेरडानं खाल्ला असेल. भोळा म्हणा, नाहीतर शहाणा म्हणा. तुरुंगात असल्या समजुतीवर दिवस निघतात.

यंदा पहिल्यांदाच त्याला एकवीस दिवसांची रजा मिळाली. जामीन राहिला दिंद्रुडचा सटवा, त्याचा जुना सोबती. साखराबाई कुठं आहे हे सटवालाही धड माहीत नव्हतं. तिचा भाऊ नाथा मांजरसुंब्याजवळ घर बांधून राहिलाय, बहीण आणि भाची त्याच्याकडंच असतात, एवढंच त्यानं ऐकलं होतं. दिंद्रुडच्या ठाण्यात हजेरी लावून म्हाळू दुसऱ्याच दिवशी एसटीत बसला.

मांजरसुंब्याला उतरला आणि तिथंच उभा राहिला. ट्रक येत होते, जात होते, ढाब्यावर माणसं जेवत होती. म्हाळूला तहान लागली होती. पाण्याची टाकी समोर होती, पण जाऊ का, हे कुणाला विचारावं ते त्याला कळेना. शेवटी ढाब्याचा पोऱ्या ओरडला, "बाबा, पाणी प्या की, का उभे हायसा?" तेव्हा तो गेला. पाणी पिताना त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि मग हसूही आलं. अकरा वर्षांत माणूस पाण्यालाही परवानगी मागायला शिकतो.

नाथाचं घर सापडायला वेळ लागला नाही, कारण दारात मांडव होता. बाहेर दोन जीपा, आत बाजेवर पागोटी घातलेली म्हातारी माणसं, परसात चुलवणावर शिजणारं मटण. म्हाळूनं फाटकाजवळच्या एका बाईला विचारलं, लग्न कुणाचं?

"बबिताचं. परवा हाय. आज देवकार्य."

पोरीचं लग्न! म्हाळूच्या अंगात वीज शिरली. नेमक्या वेळेला देवानं आणून सोडलं, असं त्याच्या मनात आलं. तो घाईघाईनं आत शिरला, पुढच्या दारानं न जाता घराला वळसा घालून परसात गेला. साखराबाई चुलवणापाशी पाठमोरी उभी होती. पाठीवरून ओळखली त्यानं.

"साखरा," तो म्हणाला.

ती वळली. हातातलं उलथनं खाली पडलं. म्हाळूची नजर तिच्या कपाळावर गेली. कपाळ मोकळं होतं. फक्त लहानपणी गोंदलेला हिरवा ठिपका तेवढा होता. गळा मोकळा होता. हातात बांगडी नव्हती.

म्हाळूच्या मनात पहिला विचार काय आला असेल? कोण गेलं? कुणाचं सुतक आहे? बायकोचा नवरा आपणच, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग तो सरपणाच्या ढिगावर बसला.

"हे काय करून घेतलंस?"

साखराबाईनं इकडंतिकडं पाहिलं, त्याचा दंड धरला आणि त्याला गोठ्याच्या आडोशाला ओढत नेलं. ती भराभरा बोलू लागली. "तीन स्थळं मोडली पोरीची. बाप कुठाय, विचारत्यात. जिता हाय म्हणलं की कुठं हाय विचारत्यात. जेलात म्हणलं की चहासुदीक न पिता उठत्यात. मेलेल्याचं कुणी काय विचारत न्हाई. मग सांगितलं, वारले म्हणून."

"आन तू कुकू पुसलंस?"

"न पुसता कोण मानंल?"

म्हाळू तिच्याकडं बघतच राहिला. तिला मारावं की तिच्या पाया पडावं, त्याला कळेना. एवढ्यात नाथा धावत आला. बहिणीला आडोशाला कुणी परका ओढतोय असं त्याला वाटलं असावं. दाजीला पाहिल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"दाजी, तुमी? सुटलात?"

"रजेवर आलोय."

नाथानं कपाळावर हात मारला. "आजच यायचं व्हतं का वो? नवऱ्या पोराचा आजा आलाय आत. सुंदरराव. लई कडक माणूस. त्यानंच टाक बसवायला लावलाय."

"कुणाचा टाक?"

साखराबाईनं तोंडात पदर कोंबला.

टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून काढलेली आकृती. घरातला कर्ता पुरुष गेला की सोनाराकडून त्याचा टाक करून आणायचा, भंडारा उधळून देवघरात देवांच्या शेजारी बसवायचा, त्याच्या नावानं बकरं कापून भाऊबंदांना जेवू घालायचं. न बसवलेला मेलेला माणूस भटकत राहतो आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीच्या मागं सासरी जातो, असं ही माणसं मानतात. सुंदररावानं सोयरीक ठरवताना तेवढंच विचारलं होतं: बाप वारलाय म्हणता, मग टाक कुठाय? बिगरटाकाच्या घरातली पोर मी घरात घेत न्हाई. एक खोटं बोललं की दुसरं बोलावं लागतं, हे ठाऊक असलेल्या माणसांनाही चांदीचं खोटं करावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण केलं. आज सकाळी बसवला.

म्हाळू तिथून निघाला आणि सरळ घरात गेला. नाथा मागून शर्ट ओढत होता, त्याला त्यानं जुमानलं नाही. देवघराच्या कोनाड्यात खंडोबा, बिरोबा, साखराबाईनं सोबत आणलेला म्हाळूच्या बापाचा टाक आणि बापाच्या टाकाशेजारी एक नवा कोरा, भंडाऱ्यानं पिवळा झालेला. त्यावर घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला वीर. म्हाळू जन्मात घोड्यावर बसला नव्हता. एकदा गाढवावर बसला होता, तर त्यानं पाडलं होतं. तो त्या घोडेस्वाराकडं बघत राहिला. तुरुंगात त्याला नंबर होता, कपडे होते, रोज दोन वेळा कुणीतरी मोजत होतं. इथं तो मोजून संपला होता.

मी जिता हाय, असं ओरडायला त्यानं तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"पावणं कोण म्हणायचं?"

ऐंशीच्या घरातला, दांडग्या मिशांचा म्हातारा काठी टेकत उभा होता. हाच सुंदरराव. नाथा झटकन पुढं झाला. "हे सिदू. वडवणीकडचे. म्हाळूबासंगं मेंढरं राखायला व्हते."

"हां! या, बसा की." सुंदररावानं म्हाळूचा हात धरून त्याला बाजेवर आपल्या शेजारी बसवलं. "म्हंजी तुमी त्येला जवळून बघितलेला. पान लागलं म्हणं रानात. साप मोठा व्हता का?"

म्हाळूला आपण कसे मेलो ते असं कळलं. त्यानं मान हलवली. "मोठा व्हता."

"तरास झाला का फार?"

"झाला," म्हाळू म्हणाला. हे मात्र खोटं नव्हतं.

"माणूस कसा व्हता?"

दारात साखराबाई उभी होती. नाथाच्या ओठांवर घाम होता. आपल्याविषयी आपणच काय सांगावं? "तापट व्हता," म्हाळू शेवटी म्हणाला. "मेंढरं बरी राखायचा. पोरीवर जीव व्हता त्येचा."

"आसंल, आसंल," सुंदरराव हळहळला. म्हातारा वाईट नव्हता. वाईट असता तर म्हाळूला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात नाथाला कुणीतरी हाक मारली आणि म्हाळू हात धुवायच्या निमित्तानं परसात सटकला. त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. आज गप्प राहायचं. परवा लग्न होऊ द्यायचं. दीड वर्षानं सुटलो की गुपचूप यायचं, साखराबाई तर आहे, तिची समजूत काढायची, एखाद्या लांबच्या रानात मेंढरांचा वाडा टाकायचा. बबिताला यातलं काय माहीत? ती तर लहान होती. तिला आईनं सांगितलं असेल बाप मेला म्हणून, आणि बिचारी रडली असेल. त्या विचारानं त्याचेच डोळे भरून आले.

रांजणापाशी तो वाकला तर कुणीतरी तांब्या पुढं केला. हिरवा चुडा भरलेला हात. त्यानं वर पाहिलं. एकोणीस वर्षांची पोर, साखराबाईसारखं नाक आणि म्हाळूसारखे रुंद खांदे.

"आबा," ती हळूच म्हणाली.

तांब्या म्हाळूच्या हातातून सुटता सुटता राहिला. "वळखलंस?"

"फाटकातून आत आलात तवाच. चालण्यावरनं."

म्हाळूला काय करू आणि काय नको असं झालं. तिच्या डोक्यावरून हात फिरवायला त्यानं हात उचलला. ती एक पाऊल मागं सरली आणि मांडवाकडं बघून पुन्हा पुढं आली.

"आईवर रागावू नका," ती म्हणाली. "तिनं न्हाई काढलं हे. म्या काढलं."

"काय काढलं?"

"तुमी वारलात म्हणून सांगायचं. तिसरं स्थळ मोडलं तवा म्याच म्हणलं. आई दोन दिस जेवली न्हाई. तिचं कुकू म्या पुसलं, माझ्या हातानं."

म्हाळूला ऐकू आलं, पण आत उतरलं नाही. राखणदार पडला तेव्हाही असंच झालं होतं. डोळ्यांना दिसत होतं आणि खरं वाटत नव्हतं. त्यानं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "दीड वर्सानं सुटतोय म्या. सायबानं सांगितलंय."

"मग?"

"मग यीन की. तुझ्या घरी न्हाई येत. हितं. तुझ्या आईकडं."

बबिता रडत होती. गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते ती पुसतही नव्हती. पण रडता रडता तिनं सांगितलं ते सगळं सांगितलंच. "हितं कसं येता आबा? माझं सासर चार घटकांवर हाय. सणावाराला ती माणसं येणार, जाणार. आई सवाशीण दिसली तर मला कोण ठिवून घेईल? आन बसवलेला टाक कुणी उठवत न्हाई. तुमालाच ठावं ते."

त्याला ठावं होतं. आपल्या बापाचा टाक त्यानंच बसवला होता, आणि आठ वर्षांच्या या पोरीला मांडीवर घेऊन सांगितलं होतं की आता आजोबा इथंच राहणार, कुठं जाणार नाहीत.

"कुठं जाऊ मग?" म्हाळूनं विचारलं. आपल्या लेकीला, खरोखर उत्तर हवं म्हणून विचारलं. पाण्याच्या टाकीसमोर तो असाच उभा होता, पण इथं पी म्हणणारं कुणी नव्हतं.

बबितानं वाकून त्याच्या पायांना हात लावला. कुणी पाहिलं असतं तर नवरी पाहुण्याच्या पाया पडतेय एवढंच दिसलं असतं. मग ती उठली आणि भराभर घरात गेली.

"सिदूबा! अवो सिदूबा!" मांडवातून सुंदरराव हाका मारत होता. "पंगत बसलीय, या. जेवल्याबिगर जायचं न्हाई."

म्हाळू पळून जाऊ शकला असता. फाटक उघडं होतं, रस्ता समोर होता, अडवणारा शिपाई नव्हता. पण तो गेला नाही. तो मांडवात आला आणि सुंदररावानं दाखवलेल्या जागेवर मांडी घालून बसला. साखराबाईनं त्याच्या पत्रावळीत भाकरी ठेवली, रस्सा वाढला. थोडा रस्सा त्याच्या धोतरावर सांडला. आधी टाकाला नैवेद्य दाखवला गेला. मग सुंदररावानं भंडाऱ्याची चिमूट उधळली आणि हात वर केला.

"म्हाळूबाच्या नावानं!"

"चांगभलं!" सगळी पंगत गरजली.

म्हाळूचा आवाज निघाला नव्हता. सुंदररावानं वळून त्याच्याकडं पाहिलं. "काय सिदूबा, दोस्त व्हता ना तुमचा? तुमी तर सगळ्यांत मोठ्यानं म्हणायला पायजे."

दाराआड बबिता उभी होती. तिचा श्वास अडकलेला म्हाळूला एवढ्या लांबून दिसला. त्यानं हात वर केला, आणि मेंढरं वळवताना ज्या आवाजात हाळी घालायचा त्या आवाजात, डोळे मिटून म्हणाला, "म्हाळूबाच्या नावानं चांगभलं!"

मग त्यानं भाकरी मोडली आणि जेवायला सुरुवात केली.