टेम्पोतला बैल आणि चुलतीचा आवाज

मी हसवणारी कार्टून काढतो. श्रीगोंद्यात हे सांगितलं की लोक विचारतात, "लग्नपत्रिकेचा व्हिडिओ किती दिवसांत देता?" तीन वर्षं तेच केलं. डोलीतली नवरी, घोड्यावरचा नवरा, दोघांनाही बशीएवढे डोळे. उरलेल्या वेळात स्वतःची पाच मिनिटांची फिल्म काढत राहिलो. बाजारात नेलेला बैल टेम्पोतून उतरायला तयार नाही आणि एक म्हातारी त्याला झापते आहे, एवढीच गोष्ट. बैल मुकाच. सगळी गंमत म्हातारीच्या बोलण्यात.

आवाज माझ्या चुलतीचा. दारा-खिडक्यांना गोधड्या लावून तिला माईकसमोर बसवलं. मी लिहून दिलेला कागद तिनं बाजूला ठेवला आणि थेट बैलालाच धारेवर धरलं, "उतर की रं! तुज्यासाठी काय पायघड्या घालू व्हय?" माझ्या हसण्यानं दोनदा रेकॉर्डिंग वाया गेलं. त्या 'व्हय'वर म्हातारीचं तोंड किती उघडायचं, यात चार दिवस गेले.

फिल्म एका वाहिनीला आवडली. तिथल्या बाई फोनवर म्हणाल्या, "खूपच छान. फक्त भाषा जरा शुद्ध करूया. सगळ्यांना कळायला हवी."

"तुम्हाला कळली ना?"

"मला कळली हो. पण प्रेक्षकांचं काय?"

तिथंच भांडायला हवं होतं. 'बघतो' म्हणालो आणि आठवड्यानं हो म्हणालो.

त्यांनी पुण्यातल्या एका मुलीचा आवाज घेतला. "उतर ना रे! तुझ्यासाठी पायघड्या घालू का?" वाक्य संपलं तरी म्हातारी आ वासून उभीच. सगळी तोंडं पुन्हा काढली. आता ओठ जुळतात, हसू येत नाही.

चुलतीनं मोबाईलवर शेवटपर्यंत बघितलं. "चांगलं झालंय. पन ही म्हातारी बैलाला भेती का काय?" मग म्हणाली, "माजा आवाज बरा न्हवता व्हय?"

"तसं न्हाई. लांबच्या लोकांना आपलं बोलनं कळत न्हाई म्हनं."

"कुनाला इचारलं त्यांनी?"

मी चिडलो, तेही तिच्यावरच. "तुला न्हाई कळायचं त्यातलं." ती चहा ठेवायला उठली.

वाहिनीला त्याच म्हातारीचे आणखी भाग हवेत, त्याच शुद्ध आवाजात. परवा मी होकार कळवला. चुलतीला अजून सांगितलेलं नाही.