जवळा इलेव्हनचं नाव कुणी बदललं

खारदांड्यात, आमच्या कोळीवाड्यात, हे कुणाला माहीत नाही. बायकोलाही नाही. तुम्ही तिथले नाही, मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटलं होतं — आणि बघा, सुरुवातीलाच अडखळलो.

आमची टेनिस बॉल क्रिकेटची टीम होती. खारदांड्याची जवळा इलेव्हन. हसलात ना? हसा, नाव त्यासाठीच होतं. जवळा म्हणजे नखाएवढी कोलंबी. टीम काढली हिराकाकांनी, माझ्या मित्राच्या, जयेशच्या वडिलांनी. तेव्हा आम्ही सगळे किडकिडीत. काका म्हणाले, एकेकट्याला कोण विचारतो, पण जाळं भरलं की दोघांना उचलत नाही. मग प्रत्येकाला मासळीचं नाव मिळालं. विकेटकीपर खेकडा, कारण पकडलेलं सोडायचा नाही. जयेश करली — नुसते काटे, बॅट्समनच्या घशात अडकणारा. मी मांदेली. टी-शर्टच्या पाठीवर हीच नावं असायची आणि कॉमेंट्रीवाला माइकवरून ओरडायचा, "मांदेली स्ट्राइकवर!" लोक आमची मॅच बघायला थांबायचे. खरंच थांबायचे.

मी काय करतोय, कळतंय ना? गंमत सांगत बसलोय. स्वतःचाच वैताग येतो.

मला मरोळला ऑफिसात नोकरी लागली. तिथे मी डबा उघडला की समोरची बाई उठून दुसऱ्या टेबलावर जायची. बोलायची काही नाही — बोलली असती तर भांडलो तरी असतो. मी डब्यात मासे न्यायचे बंद केले, आणि घरी सांगितलं की कॅन्टीन झकास आहे. अशात अंधेरीला मोठी टुर्नामेंट लागली. ऑफिसातले चारपाच जण म्हणाले, ग्राउंड जवळच आहे, रविवारी तुझी मॅच बघायला येतो. त्यांच्यासमोर माइकवरून मांदेली? जवळा?

टीमचे फॉर्म मीच भरायचो. बाकीचे बोटीवर नाहीतर मासळीबाजारात. ऑफिसवाला मी एकटा, म्हणून कागदपत्रं माझ्याकडे. कुणी कधी तपासली नाहीत. नावाच्या जागी मी लिहिलं — दांडा वॉरियर्स. टी-शर्टवर नुसते नंबर सांगितले.

ग्रुपवर ड्रॉ आला तसा जयेशचा फोन. "आपण कुठे रे यात?" आणि मी, अगदी सहज, म्हणालो की आयोजकांना नाव चाललं नाही. स्पॉन्सरसमोर बरं दिसत नाही म्हणे.

किती सोपं गेलं ते! सगळ्यांना लगेच पटलं. का नाही पटणार? अशी माणसं प्रत्येकाला कुठे ना कुठे भेटलेली होती. त्यांच्या त्या दुखण्यावर माझं खोटं आरामात खपलं.

रविवारी जयेशनं मांडवात लावलेला ड्रॉ वाचला. त्यात 'नाहूरचे नग' होते. 'लेट लतीफ, मुलुंड' होते. हे चालतात आणि आपण नाही? तो तडक आयोजकाच्या टेबलाशी गेला, मी मागोमाग. आयोजक म्हणाला, "भाऊ, आम्ही कुणाचंच नाव बदललं नाही. थांबा, फॉर्म दाखवतो." खरं बोलत होता बिचारा. मोबाइल चाळत होता.

"आमचं नाव घेताना तुमच्या तोंडाला वास येतो काय रे?" जयेशनं त्याची कॉलर धरली. मोबाइल खाली पडला, फॉर्म दाखवायचा राहिलाच. आणि मला — हे सांगतानाही चीड येते — मला सुटल्यासारखं वाटलं.

एक वाक्य पुरलं असतं. सोड त्याला, मीच लिहिलंय. मी जयेशच्या पाठीशी हातभर अंतरावर होतो. का नाही बोललो? ऑफिसातली माणसं दोरीपलीकडे उभी होती म्हणून? की खोटं एकदा बोलून झालं होतं म्हणून? मी जयेशला मागे ओढलं आणि म्हणालो, "जाऊ दे रे, यांच्या नादी नको लागूस." यांच्या!

मारामारीपायी टीम टुर्नामेंटमधून बाद झाली. जयेशवर बंदी आली. आयोजक एकमेकांना ओळखतात; एकानं काढलं की बाकीचेही घेत नाहीत. त्याच मोसमात एका मोठ्या लीगचा माणूस जयेशची बॉलिंग बघायला येणार होता. आला नाही. जयेश आता बाजारात बर्फाच्या लाद्या उतरवतो. क्रिकेटचा विषय निघाला की उठून जातो.

आणि मला दांड्यात मान आहे. नावासाठी जयेशबरोबर भांडायला उभा राहिलेला एकटा मी! दर नारळी पौर्णिमेला कुणीतरी ही गोष्ट काढतंच. पाठीवर थाप पडते, मी मान खाली घालतो, त्यांना वाटतं विनय.

अजून एक राहिलं. ते सांगायचं नव्हतं. फॉर्म भरल्यावर दुसऱ्याच दिवशी कॉमेंट्रीवाल्याचा मला फोन आला होता. "अहो, जवळा का काढलंत? मी वर्षभर वाट बघतो त्या नावाची." बदलायला तेव्हा चार दिवस होते. मी म्हटलं, पोरांनीच ठरवलंय.

गेल्या महिन्यात दांड्यातल्या मुलींनी टीम काढली. हिराकाकांच्या ओटीवर सगळ्या जमल्या होत्या. जयेशची मुलगी म्हणाली, "आजोबा, आम्ही जवळाच ठेवतो ना." काका म्हणाले, "नको गं. बाहेरच्यांना लाज वाटणार नाही असं काहीतरी ठेवा."

त्या नावाची लाज आजवर एकाच माणसाला वाटली आहे, आणि तो काकांच्या शेजारी बसला होता. मुलीनं फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी पेन उघडलं आणि विचारलं, "मग काय लिहू?"