यंदा किल्ला पडला नाही

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला किल्ला बघायला चालले आहे, असं सांगितल्यावर ऑफिसात प्रत्येकानं एकच विचारलं, "तिकडे वाघ असतात ना?" असतात. पण मला लहानपणापासून वेड आहे ते सरदार, किल्लेदार, वेढे आणि फितुरीचं. सह्याद्रीतले बरेच गड पायाखालून गेल्यावर आता जंगलातले किल्ले खुणावत होते, आणि तेवढ्यात सुषमाचा फोन आला. सुषमा मेश्राम ही माझी नागपूरच्या होस्टेलमधली मैत्रीण. वारासिवनीच्या पुढे रामपायलीजवळ तिचं माहेर.

"लांजीचा किल्ला पाह्यजो, पण मंडईच्या दिवशी आमच्या गावातच राह्यजो," ती म्हणाली. "आमच्याकडे दरसाल किल्ला उभा होते अन् दरसाल पडते."

दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसभर बाजार, घरोघर पाहुणे आणि दुपारी नाटक. सुषमाच्या गावात तीस वर्षं एकच नाटक व्हायचं, गावातल्याच एका गुरुजींनी लिहिलेलं. वेढ्यात सापडलेला सरदार आपल्या किल्लेदारावर संशय घेतो. किल्लेदार चाव्यांचा जुडगा त्याच्या पायाशी ठेवतो, वाकून मुजरा करतो आणि निघून जातो. मग शत्रू आत घुसतो आणि किल्ला पडतो.

सरदार व्हायचे गोविंदराव राऊत, मोठे शेतकरी आणि कित्येक वर्षं गावचे सरपंच. किल्लेदार व्हायचे सुषमाचे वडील नामदेवकाका, पेशानं गवंडी. गेल्या निवडणुकीत नामदेवकाका गोविंदरावांच्या विरोधात उभे राहिले आणि चक्क निवडून आले. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत आणि नाटकही बंद पडलं. यंदा गावानं हट्ट धरून ते पुन्हा लावलं होतं.

"पण होते का नाई, मले भरोसा नाई," सुषमा म्हणाली.

फोन ठेवल्या ठेवल्या मी तिकीट काढलं!

पुण्याहून गोंदियापर्यंत रेल्वे, तिथून बालाघाटची गाडी. हा शेवटचा तासाभराचा प्रवास खिडकीतूनच करावा. दोन्हीकडे कापणीला आलेला धान, मधूनच तळं, तळ्यात बगळे. बालाघाटात बस स्टँडजवळ नऊशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. सकाळी पोहे-जिलेबी खाल्ली आणि लांजीसाठी दिवसभराची गाडी केली, अडीच हजारांत. रस्ता बहुतेक चांगला, पण पावसाळ्यानं काही ठिकाणी चाळण केली आहे. दोन तास धरून चाला.

लांजीचा किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर आहे, आणि मला तर तो फार आवडला. दगडी तट, बुरूज, भिंतीत मुळं रोवून बसलेली झाडं. मी दोन तास नुसती फिरत होते. पाणी आणि टोपी बरोबर न्या, आत काही मिळत नाही. दरवाजात एक कुटुंब फोटो काढत होतं. लहान मुलीनं विचारलं, "पापा, राजा कहाँ गया?" बापानं फोनमधून मान वर न काढता उत्तर दिलं, "चुनाव हार गया।" मी खो खो हसले. दुसऱ्या दिवशी जे बघायला मिळणार होतं, त्याची तेव्हा कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी बसनं वारासिवनी, तिथून दुसऱ्या बसनं रामपायली. नदीकाठचं राममंदिर बघून होईतो सुषमा स्कूटी घेऊन हजर. घरी पोचलो तर जेवणाची पानं मांडलेली. चिन्नोर तांदळाच्या भाताचा वास अंगणापर्यंत येत होता. पण घरातली हवा तंग होती. सुषमाचा चुलतभाऊ प्रवीण काकांसमोर उभा राहून बोलत होता.

"काका, तुमी सरपंच हा आता. त्याच्यापुढे वाकाचं नाई."

"नाटक हाय रे ते," काका भात कालवत म्हणाले.

"लोकायले नाटक नाई दिसत, वाकलेली पाठ दिसते. आपल्या आज्यायनं लय वाकून घेतलं."

काकांचा घास हातातच राहिला. बाहेरून बातमी आली होती की किल्लेदारानं मुजरा केला नाही, तर गोविंदरावांची माणसं पडदा पाडणार. मला राहवलं नाही. "मग काका, तुम्ही काय करणार?"

"मले सगळं पाठ हाय, पोरी," ते म्हणाले. "आज पाय जसे उभे राहतीन तसं."

तीन वाजता मैदान गच्च भरलं. भज्यांचे गाडे, फुगे, बांगड्या, बायकांच्या नव्या साड्या. मी आणि सुषमा अगदी पुढे ताडपत्रीवर बसलो. सिंहासन म्हणजे जरीची साडी पांघरलेली प्लास्टिकची खुर्ची, पण गोविंदराव तिच्यावर असे बसले की खुर्ची खरंच सिंहासन वाटली. भरघोस मिशा, भारदस्त आवाज. "बोलवा त्या किल्लेदाराले!"

नामदेवकाका आले. कमरेला तलवार, हातात चाव्यांचा जुडगा. ढोलकी थांबली. डावीकडे प्रवीण आणि त्याचे मित्र उठून उभे राहिले, उजवीकडे गोविंदरावांची माणसं. सुषमानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

काका सिंहासनासमोर थांबले. वाकले नाहीत. चाव्या पायाशी ठेवल्या नाहीत. हात पुढे करून नुसते ताठ उभे राहिले.

गोविंदराव चाव्यांकडे बघत राहिले. पडद्याची दोरी धरलेला माणूस त्यांच्या इशाऱ्याची वाट बघत होता. मग गोविंदराव गुडघ्यावर हात टेकून उठले, सिंहासनावरून खाली उतरले, दोन पावलं पुढे आले आणि दोन्ही हातांनी चाव्या घेतल्या. थोडं थांबून त्या पुन्हा काकांच्या हातात दिल्या.

"इमान मागून भेटत नाई, किल्लेदार," ते म्हणाले. "शक मी केलतो. चुकी माही."

हे वाक्य नाटकात नव्हतं. सुषमा रडायलाच लागली. टाळ्या, शिट्ट्या, ढोलकी, सगळं एकदम!

आणि मग खरी पंचाईत झाली. किल्लेदार गेलाच नाही, तर किल्ला पडणार कसा? विंगेत शत्रूचं सैन्य भाले घेऊन तयार होतं. त्यांचा सेनापती, एरवी गावातला पोस्टमन, अर्धवट बाहेर येऊन म्हणाला, "आता आमी का करावं?" सगळं मैदान हसून लोटपोट. काकांनी तलवार उपसली, गोविंदरावांनीही उपसली, आणि दोघांनी मिळून सगळ्या सैन्याला रंगमंचावरून खाली पिटाळलं. यंदा किल्ला पडला नाही.

नंतर जिलेबीच्या दुकानाशी गोविंदराव भेटले, मिशा काढलेल्या, चेहऱ्यावर अजून रंग. मी विचारलं, "तुमचं आधी ठरलं होतं का?"

"आमी बोलतच नाई, तर ठरवू कसं?" ते म्हणाले. "तो ताठ उभा राह्यला. मी बसूनच राह्यलो असतो, तर माह्याच नातवायले मी लहान दिसलो असतो."

"आता तरी बोलाल ना?"

"पुढच्या निवडणुकीत त्याच्याच समोर उभा राहीन. ते सांगाले तरी बोलावं लागन." आणि जिलेबीची एक पुडी त्यांनी शेजारच्या माणसाच्या हाती देऊन काकांकडे पाठवली.

पुण्यात परतून पंधरा दिवस झाले. सगळा खर्च प्रवासासकट साडेआठ हजारांत बसला, आणि जायचं असेल तर दिवाळीनंतरच जा. काल सुषमाचा फोन आला. नाटकाच्या शेवटावरून गावात बैठक झाली. किल्ला आता कधीच पडू द्यायचा नाही, असं तरुणांचं म्हणणं. नामदेवकाका आणि गोविंदराव मात्र निवडणुकीनंतर पहिल्यांदाच एका बाजूला. त्यांचं म्हणणं, संशय घेणाऱ्याचा किल्ला पडलाच पाहिजे, फक्त किल्लेदारानं वाकायचं नाही, चाव्या हातात देऊन ताठ निघून जायचं.

इतकी वर्षं ट्रेकला गेल्यावर मी स्वामिनिष्ठ किल्लेदारांच्या गोष्टी रंगवून सांगत आले. अपमान गिळून, मुजरा करून निघून जाणारा माणूस माझ्या गोष्टींत हटकून असायचा. गेल्या रविवारी गड चढताना मी बरोबरच्या ट्रेकर्सना ही गोष्ट सांगितली. ऐकल्यावर एकीनं विचारलं, "मग यात निष्ठा कुणी कुणावर दाखवली?" प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं. गड उतरून पायथ्याला चहा प्यायलो, तरी आमचं भांडण मिटलं नव्हतं.