गुलाबी व्हॅम्पायर

जवळ ये गो शमे, अशी समोर बस. आधी तो मोबाईल पालथा घाल. आमच्या वेबसिरीजमधला व्हॅम्पायर असा गुलाबी कसा, मालूमावशीचा मेकअप चुकला की काय, असं चार बायकांत विचारलंस म्हणे. मला विचारायचं होतंस. मेकअप चुकला होता, खरं आहे. पण गुलाबी केला तेव्हा नव्हे, त्याच्या आधी.

मी कुठे शिकायला गेले नाही, तुला ठाऊक आहे. जत्रेतल्या नाटकांची तोंडं रंगवत शिकले. आता शूटिंगवाले बोलावतात. हे शूटिंग कोरगावात, आपल्या आनंदीच्याच घरी होतं. घरातल्या म्हातारीचं काम तिलाच द्या, असं मीच दिग्दर्शकाला सांगितलं होतं. सबंध आयुष्य बाईने पडद्यामागे पुस्तक धरून नटांना वाक्यं पुरवली. स्वतः कधी उजेडात आली नाही. सत्तरीत पहिलं काम मिळालं, तेही एकाच सीनचं. वाड्यावरच्या घराघरांत सांगून मोकळी.

आता व्हॅम्पायर म्हणजे काय, तर विलायतेकडचं भूत. माणसाचं रक्त पितं. पण त्याला एक नियम फार कडक. घरच्यांनी 'ये' म्हटल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही. मेलेला असून इतकी रीतभात! सीन असा, की सांजवेळी तो दारात येतो, 'आत येऊ?' विचारतो. म्हातारी त्याच्याकडे बघते, काही न बोलता दार लावते. संपलं.

अद्वैत नावाचा पुण्याचा नट होता. मी त्याला पांढराफटक केला, डोळ्यांखाली काळं भरलं, ॲक्रिलिकचे सुळे बसवले. सिनेमात व्हॅम्पायर असाच असतो.

पहिला टेक. टेक म्हणजे कॅमेरा सुरू झाल्यापासून 'कट' म्हणेपर्यंतचा तुकडा. आनंदीने दार उघडलं.

"ये रे पुता, भितर ये. भायर कित्याक उबो?"

कट.

दुसऱ्या टेकला तोंड मिटून राहिली, पण बाजूला सरकून वाट दिली. तिसऱ्याला आत गेली ती पाण्याचा तांब्या आणि गूळ घेऊनच आली.

विशाल, म्हणजे आमचा दिग्दर्शक, कपाळ धरून माझ्याकडे आला. "मालूताई, यांना भीतीच वाटत नाहीये. अजून पांढरा करा."

मी अजून पांढरा केला. गालांत खड्डे पाडले.

चौथा टेक. आनंदीने त्याच्या हनुवटीला हात लावला. "कितलो सुकलाय रे! पेज तरी जेवलो काय? दांत दुखता?"

सुळ्यांमुळे त्या बिचाऱ्याला धड उत्तरही देता येईना.

उन्हं माडांच्या शेंड्यांवर गेली होती. दुसऱ्या दिवशी युनिट मोरजीला जाणार. विशाल मला हळूच म्हणाला, "आणखी एकच टेक. नाहीतर सीन कापतो. सॉरी."

आनंदीने ते ऐकलं. पडवीत जाऊन बसली, लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत. "माका येता गो सगळें," म्हणाली. "पण दारातल्याक भायर दवरूंक जायना. आजारी मनीस तो."

तेव्हा मला माझी चूक कळली. मी भूत रंगवत होते आणि तिला पेशंट दिसत होता.

"आनंदी," मी विचारलं, "आजवर तू कोणालाच दारात उभं ठेवलं नाहीस?"

तिने आठवून पाहिलं. "एकदाच."

"कोणाला?"

"जमीन विचारपाक आयिल्लो तो. गोरो, गुलाबी, सेंट मारून. हांसत हांसत आयलो. काखेत फाईल."

मी अद्वैतला परत खुर्चीत बसवलं. सगळं पुसलं. गालांवर लाली, ओठ ओले, केस तेल लावून चापून बसवले. सुळे काढले. कंटिन्युइटीवाल्या मुलीची, म्हणजे मागच्या सीनशी मेळ बघणारीची, फाईल त्याच्या काखेत दिली.

विशाल ओरडलाच. "ताई, व्हॅम्पायर गुलाबी?"

"रक्त पिऊन आलेला माणूस फिकट कसा असेल?" मी म्हटलं. "फिकट असायला हवा तो ज्याचं प्यायलंय तो."

तो कॅमेऱ्याकडे वळला. म्हणाला, "रोल."

आनंदीने दार उघडलं. अद्वैत हसला, हात जोडले. "आत येऊ?"

तिची नजर फाईलवर गेली. मग त्याच्या खांद्यावरून मागे, काजूंच्या झाडांकडे. एक हात चौकटीवर आला. चेहऱ्यावर काही नाही गो, काहीसुद्धा नाही. दार लागलं. आतून अडसर सरकवल्याचा आवाज आला. तो स्क्रिप्टमध्ये नव्हता.

"कट!"

टाळ्या पडल्या. दार काही उघडेना. अद्वैतने हाक मारली, "आजी, झालं! सीन झाला!"

आतून आवाज आला, "विकपाची ना म्हणजे ना."

शेवटी मी बोलावल्यावर तिने दार उघडलं.

सीन कापला नाही. पुढच्या सगळ्या भागांत व्हॅम्पायर गुलाबीच ठेवला. इतक्या वर्षांत मी एवढंच शिकले, की भीती कशी दिसते ते मेकअपच्या पेटीला विचारायचं नसतं. दार ज्याचं, त्याला विचारायचं.

आणि तू अशी उभ्या उभ्या येऊन पळू नकोस. पुढच्या खेपेला चार दिवस राहायला ये, लवकर. सकाळी पाववाल्याकडून गरम उंडे घेईन, पातळभाजी करीन, आनंदीकडेही जाऊ. फक्त हातात फाईल आणू नकोस.