बहिणीची शंभर सीसी

माझी धाकटी बहीण ताम्हिणीला दिलेली. तिथं रस्त्याच्या कडेला तिचा ढाबा आहे. पाव्हणे, म्हणजे तिचा नवरा, भाड्याने जीप चालवतात, पहाटेच बाहेर पडतात. भाजी, किराणा, गॅसची टाकी, सगळं पौडहून आणायचं, म्हणजे बहिणीला कुणाच्या तरी गाडीवर बसून जावं लागायचं, नाहीतर एसटीची वाट बघत उभं राहावं लागायचं. गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला.

"दादा, गाडी घ्यायचीया मला."

"स्कूटर?"

"स्कूटरची चाकं बारकी असत्यात. घाटातल्या खड्ड्यात काय टिकत न्हाईत. आपली हाय ना, तसलीच पायजे."

आपली म्हणजे आमच्या नांदे गावातल्या घरची शंभर सीसीची मोटारसायकल. मी दहावीत असताना आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी घेतलेली. आम्ही दोघंही तिच्यावरच शिकलो, भात काढून झालेल्या मोकळ्या खाचरात. बहिणीचे पाय नीट टेकायचे नाहीत. एकदा ती गाडीसकट आडवी झाली आणि पोटरी सायलेन्सरला चिकटली. तो डाग अजून आहे. तरी दुसऱ्या दिवशी पोटरीला फडकं बांधून ती परत गाडीवर बसली होती.

त्या गाडीचा मला नाद आहे, हे घरात सगळ्यांना माहीत. पिरंगुटला एका कारखान्यात मी सुटे भाग तपासायचं काम करतो, त्यामुळे एखादी वस्तू कशी घडवली आहे हे बघायची डोळ्यांना सवयच लागली आहे. जुन्या गाडीचा गोल मीटर, तारांची चाकं, साखळीवरचं पत्र्याचं पूर्ण झाकण, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक, यातलं काही उगीच नव्हतं. पेट्रोल संपत आलं की गाडी आचके द्यायची. मग चालता चालता डावा हात खाली घालून कॉक रिझर्व्हला फिरवायचा. गाडी आपल्याशी बोलते असं मला त्यात वाटायचं.

त्याच गाडीचं नवं रूप बघायला बहिणीला घेऊन दुकानात गेलो. नाव जुनंच, पण नाव सोडलं तर ओळख पटेना. टाकीला कोपरे काढलेले, मीटरच्या जागी आकडे दाखवणारी काच, ओतीव चाकं, साखळीचं झाकण अर्धंच. कॉक शोधायला मी खाली वाकलो.

"सर, तो आता नसतो. पेट्रोल इंजेक्शनची गाडी आहे," दुकानातला मुलगा नम्रपणे म्हणाला.

"आणि दिवा बंद करायचं बटण?"

"तेही नसतं. दिवा कायम चालूच."

किक तेवढी ठेवली होती. मी त्या मुलाला साखळीच्या झाकणाबद्दल सुनवायला लागलो. आमच्याकडच्या चिखलात अर्ध्या झाकणानं साखळी किती दिवस टिकणार, हे मी पोटतिडकीनं सांगत होतो. ते मत माझं आजही आहे. मुलगा मान हलवत ऐकत होता.

मागे वळून बघतो तर बहीण गाडीवर बसलेली. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले. तिनं गाडी जरा डावीकडे कलती केली, उजवीकडे केली, परत सरळ केली. मग खाली वाकून सायलेन्सरवरच्या जाळीदार पत्र्यावर बोट ठेवलं.

"हे भाजू नये म्हनून हाय का?"

"हो मॅडम."

"हीच घिऊ दादा," ती म्हणाली.

आषाढात गाडी मिळाली. तिला ताम्हिणीपर्यंत पोचवायला मी निघालो. ती नव्या गाडीवर पुढे आणि मी जुनीवर मागे. मुळशी धरण मागं पडलं तसं धुकं इतकं दाटलं की पुढचं वळण दिसेना. माझा जुना पिवळा दिवा धुक्यात विरघळून जात होता. एका वळणावर तीन-चार म्हशी रस्त्यातच उभ्या होत्या. बहिणीनं ब्रेक दाबला. गाडी सरळच्या सरळ थांबली, जराही फिरली नाही. नव्या गाडीत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, ही सोय दुकानात मला पटली नव्हती. किती दाबायचं ते चालवणाऱ्याच्या हातापायांना कळलं पाहिजे, असं माझं म्हणणं. तिच्या मागे माझी गाडी ओल्या डांबरावर तिरकी झाली आणि मी कसाबसा पाय रोवून थांबलो.

तिनं मागं वळून विचारलं, "हायेस ना रं?"

"हाये. चल."

भादव्यात, गौरी यायच्या आदल्या दिवशी, सकाळीच फोन आला. गाडी ढाब्यासमोर उभी होती आणि चालू होत नव्हती. सेल्फ दाबला तर आवाज नाही, पाव्हणे पहाटेच जीप घेऊन गेलेले आणि किक मारून मारून बहिणीचा पाय दुखायला लागलेला. गौरीचं सामान आणायला पौडला जायचं होतं. मी सुट्टी टाकून निघालो. खरं सांगायचं तर मनात थोडं बरंही वाटत होतं, की बघा, मी म्हणतच होतो.

ढाब्याच्या पत्र्याखाली बसून मी एकेक बघत गेलो. बॅटरी ठीक, फ्यूज ठीक. शेवटी साइड स्टँडपाशी आलो. नव्या गाडीला तिथं एक बारकं बटण असतं. स्टँड खाली असेल तर इंजिन चालूच होत नाही. त्या बटणात तांबडा चिखल जाऊन घट्ट बसला होता. स्टँड वर घेतला तरी गाडीला तो खालीच आहे असं वाटत होतं.

"सापडलं," मी म्हटलं. "हे बटणच काढून टाकतो. दोन तारा जोडल्या की झालं. परत कटकट नाही. सगळे मेकॅनिक हेच करतात."

मी पक्कड घेतली. बहीण चहाचं पातेलं खाली ठेवून आली.

"न्हाई. तोडू नगं."

"अगं, उद्या घाटात मधीच बंद पडली म्हणजे?"

"पडू दे. आप्पा कशानं पडले?"

माझा हात थांबला. आप्पा पडले ते घोटावड्याच्या वळणावर. लग्नाला निघाले होते, घाईत साइड स्टँड वर घ्यायचा राहिला. डाव्या वळणाला गाडी कलली, स्टँड रस्त्याला टेकला आणि आप्पा फेकले गेले. खुब्याचं हाड मोडलं. जगले पुढे बरीच वर्षं, पण गाडीवर परत बसले नाहीत आणि शेतातही पूर्वीसारखे फिरले नाहीत. ती गाडी मी दर रविवारी पुसतो. त्याच स्टँडला तेलही घालतो. आप्पांच्या पडण्याचा दोष मी आजवर घाईला दिला होता, रस्त्याला दिला होता. गाडीला कधीच नाही.

"तवा आसलं बटन आसतं तर गाडी चालूच झाली नसती," बहीण म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "ते धू आन् बसव परत."

मी पक्कड ठेवली. तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं. मी जुन्या टूथब्रशनं चिखल काढला, फडक्यानं पुसून चुलीजवळ बटण वाळवलं. बसवलं आणि सेल्फ दाबला, गाडी लगेच चालू झाली. पण एवढ्यावर जायला मन होईना. ताम्हिणीच्या पावसात चार दिवसांत परत चिखल भरणार. पाव्हण्यांच्या जीपच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बहिणीकडून मागितला, कातरला, भोक पाडून त्या बटणावर पदरासारखा लावला.

"हे आन् काय?" बहिणीनं विचारलं.

"हे कंपनीनं करायला पाहिजे होतं."

ती हसली. "मग तू बी बदल केलास की गाडीत."

पाऊस संपेपर्यंत तो तुकडा टिकला. गाडी पुन्हा बंद पडली नाही.

भाऊबीजेला ती एकटी आली. इतकी वर्षं तिला आणायला मी जायचो, नाहीतर पाव्हणे सोडायचे. या वेळी सकाळी दारात हॉर्न वाजला. हँडलला करंज्यांची पिशवी, साडीवर पाव्हण्यांचा जाडा शर्ट आणि डोक्यात हेल्मेट. आई ओट्यावर आली आणि नुसती बघतच राहिली. घरामागं आम्ही बांधलेल्या चाळीत भाड्यानं राहणाऱ्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीनं हिंदीत विचारलं, शिकवाल का. बहीण म्हणाली, "शिकवते की. त्यात काय."

ओवाळून झालं, जेवणं झाली. दुपारी ती म्हणाली, "जुनीची चावी दे."

आमची खाचरं होती तिथं आता नव्या इमारतींकडे जाणारा सिमेंटचा रस्ता आहे. ती जुनीवर बसली, चवड्यांवर तोल धरून. किक दोनदा वाया गेली, तिसरीला इंजिन लागलं. रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन वळून आली. मी फाटकापाशी उभा होतो.

"कशी वाटली?"

तिनं जरा विचार केला. "लई हलकी हाय. आवाज बी ग्वाड हाय. पर दादा, हिला ब्रेकच लागत न्हाईत रं."

"लागतात. सवय पाहिजे."

"व्हय, तुला हाय," ती म्हणाली, स्टँड लावला आणि चावी माझ्या हातात दिली. मग तिच्या गाडीवर पिशव्या बांधायला आम्ही दोघं वाकलो. ऊन उतरायच्या आत तिला धरण ओलांडायचं होतं.