दोन दिवस, एकच आकडा

दुपारचे दोन वाजून गेलेत. कूलरच्या वाळ्याला नुकतं पाणी दिलंय आणि त्याचा ओला वास खोलीभर पसरलाय. माझ्या छातीवर १९८४ सालचं रजिस्टर आहे, मिटलेलं. उघडायचं म्हणूनच ते कपाटातून काढलं, आणि मग आडवा झालो. काम टाळायची ही माझी जुनी रीत.

पाच वाजता प्रज्ञा मेश्राम येणार आहेत. कॉलेजात शिकवतात, वयाने माझ्या मुलीएवढ्या. आमच्या शहराचं ऊन आणि पाऊस गेल्या काही दशकांत कसे बदलले, ते त्या शोधतायत. वेधशाळा नव्या जागी हलली तेव्हा माझ्या अडतीस वर्षांच्या नोकरीची रजिस्टरं रद्दीत निघाली होती. ती मी सायकलवर घालून घरी आणली. मॅडमना ती हवी आहेत, आणि सोबत माझी सही, की या सगळ्या नोंदी मी घेतल्या आणि त्या खऱ्या आहेत.

सगळ्या खऱ्या आहेत असं मला म्हणता येत नाही. एका नोंदीबद्दल मला एक्केचाळीस वर्षं खात्री नाही.

कूलरची घरघर लांब जाते. वाळ्याचा वास गवताचा होतो. माझे पाय ओल्या गवतात आहेत, चपला कुठे राहिल्या कळत नाही. समोर चार पायांवर उभी असलेली, तापमापी ठेवायची आमची झडपांची पांढरी पेटी, आणि पेटीशेजारी गोतमारेजी.

तुळशीरामजी गोतमारे, आमचे मुख्य निरीक्षक. कानाला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून सदऱ्याच्या खिशात कांदा. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, हे मला माहीत आहे. पण साहेबांना तसं तोंडावर सांगणं बरं दिसत नाही.

"काहून रे लायब्ररी, आज पुस्तक नाही आणलं?" ते म्हणतात.

या नावाने मला हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. माझ्या खिशात कायम एक पुस्तक असायचं म्हणून त्यांनी हे नाव ठेवलं होतं. मी नाही म्हणतो. ते पेटीचं दार उघडतात. आत तापमापी नाहीत, ग्रंथालयात असतात तसे लाकडी खण आहेत, प्रत्येकावर एकेक साल.

ते मला खण ओढायला लावतात. सुरुवातीच्या वर्षांत लाल कार्डं आहेत, पंचेचाळीसच्या वर गेलेल्या दिवसांची. चार, सहा, एखाद्या साली तीनच. खण हलके सरकतात. पुढे पुढे ते जड होत जातात. शेवटचे काही तर लाल कार्डांनी इतके गच्च आहेत की मला पाय रोवून ओढावं लागतं. पावसाची कार्डं निळी. जुन्या खणांत ती पुष्कळ आणि पातळ आहेत, सरीसरीची. नव्या खणांत थोडीच, पण पाणी पिऊन फुगलेली. एक मी उचलतो तर त्यातून धार लागते. गवत नाहीसं होतं. आम्ही बाजारातल्या चौकात गुडघाभर पाण्यात उभे आहोत, आणि गोतमारेजी काचेच्या बारक्या मापीने त्या चौकातलं पाणी मोजतायत, नेहमीच्या शांतपणे, डोळा पातळीला आणून.

"अख्ख्या आषाढाचा पाऊस हाय हा," ते म्हणतात. "एका दुपारचा."

हे सगळं तुम्हीच शिकवलेल्या हातांनी लिहिलंय, असं मला म्हणायचं आहे. त्यांच्या शोकसभेतही म्हणायचं होतं. चार पानं लिहून नेली होती. माझं नाव पुकारलं तेव्हा मी चपला शोधण्याचं निमित्त करून बाहेर आलो. ती पानं अजून कोटाच्या खिशात आहेत.

पाणी ओसरतं आणि आमच्या स्वयंपाकघराची फरशी वर येते. ओट्यावर पन्ह्याचे दोन पेले आहेत. गोतमारेजी पाटावर बसतात आणि मांडीवर एकच खण घेतात. चौऱ्याऐंशीचा.

त्यात दोन लाल कार्डं गुळाने चिकटावीत तशी एकमेकांना चिकटलेली. पंचवीस मे, ४६.८. सव्वीस मे, ४६.८.

आमचं काम साधं होतं. सकाळी साडेआठला आदल्या दिवसाचा कमाल आकडा वाचायचा आणि काच झटकून पारा खाली आणायचा, तापाचं थर्मामीटर झटकतात तसा. झटकला नाही, तर पारा वरच अडकून राहतो आणि दुसरा दिवस निवला तरी पहिल्याचाच आकडा सांगतो. त्या सकाळी माझ्या हातात पुस्तक होतं, संपायला तीन-चार पानं उरलेली. आकडा वाचल्याचं आठवतं. झटकल्याचं आठवत नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच आकडा दिसला आणि मी लिहून टाकला. तो पेपरात छापून आला. परवा मेश्राम मॅडम सांगत होत्या, मे महिन्यात लहान मुलांचे वर्ग बंद ठेवा असं त्यांनी एका सभेत म्हटलं, तर कोणी उठून म्हणालं, चौऱ्याऐंशीतही दोन-दोन दिवस इतकंच तापायचं, तेव्हा पोरं नव्हती का शिकत?

माझा आकडा, आणि तो मॅडमच्या समोर उभा.

"साहेब, माझं सगळंच रद्दीत जाऊ द्यावं," मी म्हणतो. "एक खोटं असेल तर बाकीच्यावर कोण विश्वास ठेवील?"

ते पन्हं पितात. घाई त्यांना जिवंतपणीही नव्हती. मग मला नोकरीवर घेतलं त्या दिवसाची आठवण काढतात. सहा उमेदवार होते. पाच जणांनी तापमापीकडे एकदा पाहून ठणकावून आकडा सांगितला. मी तीनदा वाकून पाहिलं आणि म्हणालो, दोनदा ३१.२ दिसतो, एकदा ३१.४, मला नक्की सांगता येत नाही. बाकीचे हसले.

"खात्रीवाले पाच होते," गोतमारेजी म्हणतात. "मले शंकावाला पायजे होता. म्हणून तुले घेतलं बाप्पा."

आयुष्यभर ज्या गोष्टीची लाज वाटली, तिच्यावरच माझं घर चाललं, मुलगी शिकली. मी आभार मानायला तोंड उघडतो.

"ते चार पानं राहू दे," ते हात वर करतात. "लंबी भाषणं मले कुठं आवडत होती?" मग खण मिटून माझ्याकडे सरळ पाहतात. डोळा पातळीला आणून. "त्या दिवशी झटका दिला होता का रे?"

कोणीच कधी मला हे विचारलं नाही.

"आठवत नाही, साहेब."

"मंग तेवढंच लिही. हो नको, नाही नको."

मी पेला उचलायला जातो आणि हात गादीवर पडतो.

कूलर घरघरतोय. साडेतीन झालेत. रजिस्टर छातीवरून घसरून शेजारी पडलंय आणि कूलरच्या वाऱ्याने त्याची पानं उलटलीत. मे १९८४. वाराच असणार. हे पान मी त्या महिन्यानंतर कधी उघडलंच नव्हतं. दर महिनाअखेरीला सगळी पानं गोतमारेजी तपासायचे, आणि हे पान तपासून त्यांनी रजिस्टर परत दिलं तेव्हाही मी ते न पाहताच पुढचं पान उघडलं होतं.

चष्मा लावतो. सव्वीस तारखेसमोर, शेऱ्याच्या रकान्यात, फिकट पेन्सिलीने त्यांचं उजवीकडे झुकलेलं अक्षर आहे.

'निरीक्षकास विचारावे.'

त्याखाली एक ओळ मोकळी सोडलेली.

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. खोडलं नाही, वर कळवलं नाही, मला खाली मान घालायला लावली नाही. जागा तेवढी ठेवली.

मी त्या पेन्सिलीच्या अक्षरावरून हलकेच बोट फिरवून पाहतो, खरंच आहे ना. बोटाला काळसर लागतं. मग पेन काढतो आणि मोकळ्या ओळीत लिहितो: 'आज विचारले. काच झटकल्याचे आठवत नाही.' खाली सही करतो, तारीख घालतो. तीनदा वाचून पाहतो. बरोबर आहे.